मायकोरायझा: आधी शेतातली राखा, मग दुकानातली आणा

पुनर्लागणीनंतर महिन्याभराने कांद्याचं एखादं रोप खुरप्याने अलगद उचला आणि बादलीभर पाण्यात त्याची मुळं धुऊन पाहा. मुळं दोऱ्यासारखी, जाडसर आणि मोजकीच असतात. त्यांना फाटे फारसे फुटलेले नसतात आणि गव्हाच्या मुळांवर असते तशी बारीक लव तर जवळजवळ नसतेच. एवढ्या तोकड्या मुळांवर कांद्याने स्फुरद गोळा करायचा म्हणजे अवघड काम. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं, स्फुरद तसा येत नाही. तो मातीच्या कणांना धरून जागच्या जागी बसतो. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की त्यापलीकडचा स्फुरद मुळाला असून नसल्यासारखा. तरीही कांदा पोसतो, कारण त्याच्या मुळांत एक बुरशी राहते आणि तिचे तंतू त्या रिकाम्या पट्ट्याच्या कितीतरी पुढे, काही सेंटिमीटरपर्यंत मातीत पसरलेले असतात.

हीच मायकोरायझा. हे नाव १८८५ साली आल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. ट्रफल ही महागडी खाद्य बुरशी लागवडीखाली आणता येईल का, हे पाहायचं काम प्रशियाच्या सरकारने त्याच्यावर सोपवलं होतं. ते काही साधलं नाही, पण झाडांच्या मुळांना बुरशीने वेढलेलं पाहून हा रोग नसून देवाणघेवाण असावी, असं त्याने मांडलं. फ्रँकने पाहिलेली बुरशी जंगलातल्या झाडांच्या मुळांवर बाहेरून आवरण घालते. बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसानंतर निघणारा आणि बाजारात चढ्या भावाने विकला जाणारा बोडा त्याच प्रकारातला. आपल्या शेतातल्या पिकांत राहणारी बुरशी वेगळी. ती मुळाच्या पेशीत शिरते, तिची छत्री उगवत नाही आणि नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नाही. जुन्या पुस्तिकांत तिचं नाव ‘व्हॅम’ असं सापडेल. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे वनस्पतींचे जीवाश्म मिळाले आहेत. त्या वनस्पतींना अजून खरी मुळंही फुटलेली नव्हती, पण त्यांच्या जमिनीलगतच्या खोडांत या बुरशीच्या खुणा आहेत.

हा व्यवहार कसा चालतो ते थोडं समजून घेतलं, की पुढचा सगळा सल्ला आपोआप पटतो. स्फुरदाची चणचण भासली की मूळ मातीत एक प्रकारचं रसायन सोडतं. त्याला स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. बुरशीला त्याची चाहूल लागते, तिच्या तंतूंना फाटे फुटतात आणि ते मुळाकडे सरकतात. गंमत अशी की ज्वारीवरचा टारफुला याच रसायनावर टपलेला असतो. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि यजमान पिकाच्या मुळाने हे रसायन सोडलं की रुजतं. हे रसायन १९६६ साली आधी टारफुल्याच्या संदर्भात हाती लागलं. झाड ते मुळात बुरशीला बोलवायला सोडतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. पेशीत शिरल्यावर बुरशीला अगदी बारीक फांद्या फुटतात. देवाणघेवाण तिथे होते आणि त्या फांद्या काही दिवसांतच विरून नव्या येतात. झाड आपल्या पानांत तयार झालेल्या अन्नापैकी ४ ते २० टक्के बुरशीला देतं. बदल्यात बुरशी स्फुरद, जस्त, तांबं आणि थोडं नत्र आणून देते. तिचे तंतू २ ते १० मायक्रॉन जाडीचे असल्याने पांढऱ्या मुळीला जिथे शिरता येत नाही अशा फटींतून त्या वस्तू येतात. ओल कमी पडली की तिथलं थोडंफार पाणीही मिळतं.

यातली एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. मायकोरायझा स्फुरद तयार करत नाही. जमिनीत जे आहे तेच ती पिकापर्यंत पोचवते. रायझोबियम हवेतलं नत्र पकडून जमिनीत नवी भर घालतं. तशी भर इथे पडत नाही. ती उपयोगी ठरते ते आपल्या जमिनीच्या स्वभावामुळे. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकतो, कोकणातल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमबरोबर. घातलेल्या स्फुरदातला साधारण १५ ते २० टक्के भागच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो आणि बाकीचा जमिनीत साठत राहतो. वर्षानुवर्षं डीएपी पडलेल्या शेतात हा साठा मोठा असतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, तो थोडा मोकळा करतात आणि मायकोरायझा तो उचलते. म्हणून दोन्ही एकत्र दिल्याने बिघडत नाही, उलट जोडी जमते. कडधान्यांच्या गाठींनाही स्फुरद भरपूर लागतो, त्यामुळे तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग यांत रायझोबियम आणि मायकोरायझा एकमेकांच्या उपयोगी पडतात.

आता मुद्द्याचं. ही बुरशी बहुतेक शेतांत आधीपासून आहे. ज्वारी, बाजरी, मका, कापूस, तूर, मिरची, हळद, आलं, केळी, द्राक्ष, संत्रा, डाळिंब, बांधावरचं गवत, सगळ्यांच्या मुळांत ती राहते. म्हणून दुकानातली पुडी आणण्याआधी प्रश्न विचारायचा तो असा, की माझ्या शेतातली बुरशी मी कशाने मारतो आहे?

पहिला घाव रिकाम्या रानाचा. यासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचं उदाहरण आपल्याला फार जवळचं आहे. तिथल्या डार्लिंग डाउन्स भागातल्या जमिनी आपल्या काळ्या, चिकण, भेगाळणाऱ्या जमिनींच्याच जातीच्या. शेतकरी ओल साठवण्यासाठी वर्षभराहून जास्त काळ रान पडीक ठेवत. पडीक रानात ओल भरपूर साठायची, नत्रही साठायचं, तरी पुढचं सूर्यफूल, मका किंवा जवस खुरटायचं. पानांवर स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेची लक्षणं दिसायची. याला तिथे ‘लांब पडीकाचा विकार’ असं नाव पडलं होतं, पण कारण कळत नव्हतं. जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये ते दाखवून दिलं. जिवंत मुळांशिवाय एवढा काळ गेल्याने मातीतली मायकोरायझा रोडावली होती. जवसासारखी तिच्यावर अवलंबून असलेली पिकं सर्वांत जास्त अडली, गहू आणि बार्ली त्या मानाने कमी.

सोलापूर-मंगळवेढ्याच्या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात आपण काय करतो? फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी काढायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत रान मोकळं ठेवून त्यावर पाळ्या घालत राहायचं. क्वीन्सलँडच्या मानाने हा काळ लहान असला तरी रानात तण उगवू न देता सहा-सात महिने मातीत एकही जिवंत मूळ न ठेवणं बुरशीला परवडत नाही. जिथे पाऊस साथ देतो तिथे खरिपात मूग किंवा उडीद घ्या. शेंगा तोडल्या की पाला जमिनीवर पसरा आणि त्यावर ज्वारी पेरा. मूग साधलाच नाही तर ताग किंवा धैंचा घ्या. हिरवळीच्या खताबरोबर बुरशीला दोन महिन्यांचं घर मिळतं. पावसाची अजिबात शाश्वती नसेल तिथे ओल राखण्यासाठी रान मोकळं ठेवणंच शहाणपणाचं. तिथे बांधावरचं गवत तरी तणनाशकाने जाळू नका. बांध हा शेतातल्या बुरशीचा साठा असतो. बांधापासून ती हळूहळू आत सरकते.

दुसरा घाव मशागतीचा. तंतूंचं जाळं मातीच्या वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमध्ये असतं आणि रोटाव्हेटर नेमकं तेच कुटून काढतो. बीजाणू आणि मुळांचे तुकडे शिल्लक राहतात, त्यातून बुरशी पुन्हा उभी राहते, पण नव्या रोपाला पहिल्या तीन-चार आठवड्यांत तयार जाळं मिळत नाही. त्याच काळात त्याला स्फुरदाची सर्वांत जास्त गरज असते. जाळं शाबूत असेल तर उगवलेल्या रोपाचं मूळ थेट त्याला जोडलं जातं. म्हणून दर हंगामाला रोटाव्हेटर फिरवायची सवय मोडायला हवी. पूर्ण विना नांगरणी प्रत्येकाला जमेलच असं नाही, पण धसकटं मुळासकट उपटून जाळण्यापेक्षा कापून मुळं जमिनीतच राहू देणं जमण्यासारखं आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात भाताची मुळं गादीवाफ्यातच ठेवून त्यावर पुढचं पीक टोकलं जातं. तंतूंच्या दृष्टीने ही पद्धत नांगरटीच्या अगदी उलट आहे. उसाचं पाचट जाळण्याऐवजी सरीत दाबून ठेवणाऱ्याला खोडव्यात हा फायदा न मागता मिळतो.

तिसरा घाव आपण खर्च करून घालतो, तो म्हणजे गरजेपेक्षा जास्त स्फुरद. मुळाला स्फुरद सहज मिळू लागला की झाड बुरशीला बोलवायचं रसायन कमी करतं आणि आत आलेल्या बुरशीलाही अन्न देणं आखडतं. झाडाच्या बाजूने ते बरोबरच आहे, फुकट मिळतं त्याचे पैसे कोण देणार? परंतु बुरशी गेली की तिच्यासोबत जस्तही जातं. भरपूर डीएपी दिलेल्या मक्यावर जस्ताच्या कमतरतेचे पांढरट पट्टे दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरदाच्या पुढे ‘जास्त’ किंवा ‘अत्यंत जास्त’ लिहिलेलं असेल, तर बेसल डोसमधला डीएपी निम्म्यावर आणायला घाबरू नका. त्या शेतात विकतची मायकोरायझा टाकणं मात्र निरर्थक आहे, कारण पीक तिला आत घेणारच नाही. अहवालात स्फुरद ‘कमी’ असेल तर शिफारशीचा स्फुरद द्या, शेणखतातून किंवा सिंगल सुपर फॉस्फेटमधून. बुरशी आहे म्हणून उपाशी जमिनीतून पीक काढता येत नाही.

बुरशीनाशकांबद्दल ‘सगळी वाईट’ असं ढोबळ बोलून चालत नाही. पानांवरच्या फवारणीचा मुळांतल्या बुरशीला होणारा त्रास मर्यादित असतो. खरा फटका बसतो मुळाशी केलेल्या आळवणीने, विशेषतः कार्बेन्डाझिमने. मर किंवा मूळकूज दिसली की पहिलं ड्रेंचिंग त्याचंच होतं आणि ते मायकोरायझालाही तितकंच मारतं. मेटॅलॅक्झिल ज्यांच्यावर चालतं ते पिथियम आणि फायटोफ्थोरा हे खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीतच, त्यामुळे त्याच्या आळवणीने मायकोरायझाचं फारसं नुकसान होत नाही. लिंबूवर्गीय बागेत डिंक्या नेमका फायटोफ्थोरामुळे होतो, तेव्हा तिथे ही निवड महत्त्वाची ठरते. द्राक्षबागांत वर्षानुवर्षं बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधं मारल्याने मातीत तांबं साठत जातं, तेही बुरशीला मानवत नाही. त्या मातीतल्या तांब्याची तपासणी एकदा तरी करून घ्या.

फेरपालटाचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही, पण भाजीपाल्याच्या पट्ट्यात तो मोठा आहे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी या कुळाचं मायकोरायझाशी जमत नाही. पालक, बीट, चाकवत यांचंही तसंच आणि माठ-राजगिरा बहुतेक तसेच. ही पिकं वाईट आहेत असं अजिबात नाही, फक्त ती उभी असतात तेवढे महिने बुरशीसाठी रान पडीकच. फ्लॉवरनंतर लगेच कांदा लावला आणि कांदा सुरुवातीला रेंगाळला, किंवा कोबीनंतरच्या मक्याची कोवळी पानं जांभळी पडली, तर रोग शोधण्याआधी मागचं पीक आठवा. अशा क्रमात कोबी आणि कांदा यांच्यामध्ये मेथी, भुईमूग, मका, घेवडा असं काहीतरी दोन महिन्यांचं घुसवता येतं. तेही जमत नसेल तर कांद्याच्या रोपवाटिकेतच बुरशी द्यायची. त्याची पद्धत पुढे आहे.

पाण्याखाली राहिलेल्या रानाचंही तसंच होतं. भाताच्या चिखलणीत बुरशी कमी होते आणि मागाहून येणाऱ्या वाल, पावटा, कुळथाला ती नव्याने जमवावी लागते. अमेरिकेत मिसिसिपीच्या १९९३ च्या पुरानंतर पुढच्या वर्षी कित्येक ठिकाणी मका खुरटला, त्यामागे हेच कारण सापडलं. नदीकाठच्या शेतात पाणी बरेच आठवडे उभं राहिलं असेल तर पूर ओसरल्यावर पहिलं पीक म्हणून ताग, मका किंवा ज्वारीचा चारा घेतलेला बरा. कोबी नको.

मग विकतची मायकोरायझा केव्हा? जिथे बुरशी नाहीच तिथे. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण रोपवाटिकेचं. अमेरिकेतल्या लिंबूवर्गीय रोपवाटिकांत रोग टाळण्यासाठी मातीला विषारी वायूची धुरी देत. रोग गेले, पण रोपंही खुरटली आणि कितीही खत दिलं तरी पिवळीच राहिली. मातीतून रोगाबरोबर मायकोरायझाही गेली होती, असं क्लाइनश्मिट आणि गर्डमन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. संत्रा-मोसंबीच्या मुळांवर लव तशी कमीच, त्यामुळे बुरशीविना ती फार अडतात. आज आपल्याकडे कोकोपीट भरलेल्या प्रोट्रेमध्ये मिरची, टोमॅटो, पपईची रोपं होतात, तिथेही बुरशी नसते. ऊतिसंवर्धित केळीचं रोप तर काचेच्या बाटलीतून, पूर्णपणे निर्जंतुक अवस्थेतून बाहेर येतं. अशा रोपाला हार्डनिंगच्या वेळीच मायकोरायझा मिळाली तर लागवडीनंतरचा धक्का कमी होतो, मूळ लवकर चालतं आणि मातीतल्या रोगकारक बुरशी व सूत्रकृमींना मुळात शिरण्याआधी तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असतं. रोग आल्यावर दिलेली मायकोरायझा औषधासारखी काम करत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. रोपं विकत घेत असाल तर रोपवाटिकेच्या मालकाला हे आगाऊ सांगा. ज्या रोपांच्या कोकोपीटमध्ये दर आठवड्याला कार्बेन्डाझिम ओतलं जातं, त्यात मायकोरायझा टिकणार नाही.

वरची माती गेलेल्या किंवा कधी तयारच न झालेल्या जागीही ती लागते. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्याच नीरी या संस्थेने हे करून दाखवलं आहे. साखर कारखान्यातली प्रेसमड, रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा एकत्र वापरून त्या ओसाड खाणमातीवर झाडं वाढवली. शेतात सपाटीकरणासाठी वरची माती सरकवली असेल, मुरमावर बाग लावायची असेल किंवा गाळमातीने खड्डे भरले असतील, तर तुमचं रान त्या ढिगाऱ्याच्या जरा जवळ गेलेलं असतं. तिथे खड्ड्यात बुरशी द्यावी.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे रोपवाटिकेच्या एक चौरस मीटर वाफ्याला सुमारे १०० ग्रॅम कल्चर पुरतं, पिशवीतल्या रोपाला ५ ते १० ग्रॅम, लागवडीच्या खड्ड्यात रोपामागे २० ग्रॅम आणि उभ्या झाडाला २०० ग्रॅम. वाफ्यात ते बियाण्याच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरवर पसरायचं, म्हणजे फुटणारं मूळ त्यातूनच खाली जातं. सगळं गणित या संपर्कावर आहे. वर फेकलेलं कल्चर पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहून जाईल, या भरवशावर राहू नका. म्हणूनच ठिबकमधून मायकोरायझा सोडण्याबद्दल मी साशंक आहे. ठिबकच्या १२० मेशच्या जाळी फिल्टरची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची असतात. या बुरशीच्या बऱ्याच जातींचे बीजाणू त्याहून मोठे असतात आणि ते फिल्टरमध्येच अडकतात. ठिबकसाठीच बनवलेली बारीक भुकटी असेल तरी ती ड्रिपरखालच्या इंचभर मातीत थांबते. रोपं अगदी लहान असतील तर त्याचा काही उपयोग होतो, तीन वर्षांच्या डाळिंबाला फारसा नाही. उभ्या बागेत द्यायचंच असेल तर बाजूला चर काढून पांढरी मुळी उघडी पडेल तिथे द्या आणि माती लोटा.

आणखी एक गैरसमज गावोगाव दिसतो. जिवाणू खतं गूळ-बेसनाच्या पाण्यात वाढवायची सवय झाल्यामुळे मायकोरायझाची पुडीही २०० लिटरच्या टाकीत गुळासोबत ढवळून आठवडाभर ठेवली जाते. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. विरजण लावून दही करावं तशी ती टाकीत करता येत नाही. टाकीत जी वाढते ती दुसरीच कुठली तरी बुरशी किंवा जिवाणू.

पुडी घेताना खत नियंत्रण आदेशाप्रमाणे नोंदणी आहे का ते पाहा. त्यातल्या मानकाप्रमाणे मायकोरायझा जैविक खतात दर ग्रॅमला किमान १०० जिवंत बीजाणू किंवा लागण करू शकणारे घटक हवेत. उत्पादनाची तारीख, मुदत, कोणती जात आहे, हे पाकिटावर वाचा. परदेशांत दुकानांतून उचललेले नमुने तपासले तेव्हा कित्येकांत लागण करू शकणारी बुरशी सापडलीच नाही. उन्हात तापलेल्या गोदामात दोन उन्हाळे काढलेल्या पुडीकडून फार अपेक्षा ठेवू नये. काही उत्पादनांत मायकोरायझासोबत ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क, कधी नत्रही मिसळलेलं असतं. आठवड्यात पान काळंभोर झालं तर श्रेय त्यांना द्या. मायकोरायझा मुळात स्थिरावायलाच तीन-चार आठवडे घेते. ट्रायकोडर्माबाबत बरेच शेतकरी विचारतात. ती दुसऱ्या बुरशीवर चढून जगणारी असल्याने दोन्ही एकाच भांड्यात कालवू नयेत. मायकोरायझा पेरणीला, ट्रायकोडर्मा शेणखतातून नंतर, असं अंतर ठेवलेलं चांगलं.

मायकोरायझाचं कल्चर घरी तयार करता येतं, आणि रोपवाटिका चालवणाऱ्याने ते जरूर करावं. तमिळनाडू विद्यापीठाचीच पद्धत सोपी आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्यात काळं प्लास्टिक अंथरायचं. ५० किलो व्हर्मिक्युलाइट आणि ५ किलो निर्जंतुक केलेली माती मिसळून २० सेंटिमीटरचा थर भरायचा. पृष्ठभागाखाली दोन ते पाच सेंटिमीटरवर एक किलो चांगलं मूळ कल्चर पसरायचं आणि वर मका पेरायचा. खत अगदी नावाला द्यायचं, सुपर फॉस्फेट तर चिमूटभर. साठ दिवसांनी मका जमिनीलगत कापायचा, मुळं बारीक तोडून त्याच मिश्रणात कालवायची आणि सावलीत वाळवायची. खड्ड्यातून ५० किलोच्या वर कल्चर मिळतं. व्हर्मिक्युलाइट महाग वाटलं तर वाळू आणि माती चालते, पण माती निर्जंतुक करणं टाळू नका. सूत्रकृमीच्या गाठी असलेल्या शेतातली माती किंवा मुळं या खड्ड्यात आली, तर कल्चरबरोबर सूत्रकृमीही सगळ्या रोपांत वाटला जातो. बांधावरच्या मातीची टोपली आणून रोपवाटिकेत टाकायचा सल्ला काही जण देतात, त्यातही हाच धोका आहे.

बुरशी मुळांत आहे की नाही हे कसं ओळखायचं? मक्याचं जोमदार रोप महिन्याभराने उपटून लगेच धुतलं, तर बुरशी भरपूर असलेल्या मुळांवर पिवळसर झाक दिसते. उजेडात ती लवकर उडते. ही नुसती खूण झाली. खात्री करायची तर गावच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत जा. बारीक मुळं १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात उकळून त्यांचा रंग काढायचा, हे द्रावण कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे घालून शिक्षकांनीच ते करावं. मग मुळं स्वच्छ धुऊन, ५ टक्के काळी शाई मिसळलेल्या साध्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळायची आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवून जास्तीचा रंग काढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली फिकट मुळात बुरशीचे गडद तंतू आणि फांद्या उठून दिसतात. ही शाई-व्हिनेगरची युक्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी वापरत असलेल्या ट्रायपॅन ब्लू या विषारी रंगाची गरज तिने संपवली. अकरावी-बारावीच्या मुलांना प्रकल्प म्हणून हे दिलं तर गावातल्या वीस शेतांची मुळं सहज तपासून होतील.

मातीच्या बांधणीचाही एक घरगुती अंदाज घेता येतो. बांधाच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ आणि दर हंगामाला रोटाव्हेटर फिरणाऱ्या शेतातलं तेवढंच ढेकूळ, दोन्ही जाळीवर ठेवून पाण्याच्या पेल्यांत बुडवा. दुसरं बहुधा काही मिनिटांत विरघळून गाळ होतं, पहिलं बराच वेळ टिकून राहतं. बुरशीचे तंतू मातीचे बारीक कण गुंफून धरतात, गवताची मुळं आणि सेंद्रिय पदार्थही त्यात हातभार लावतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सारा राइट यांनी १९९६ मध्ये या बुरशीशी जोडलेला ग्लोमॅलिन नावाचा चिकट पदार्थ मातीतून वेगळा केला. पुढे तपासताना त्यात इतरही पदार्थ मिसळलेले आढळले, म्हणून पुडीवर ‘ग्लोमॅलिनयुक्त’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आपल्या शेतात विकतच्या मायकोरायझाने फरक पडतो का, याचं उत्तर आपल्याच शेतात शोधावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत एकाच बुरशीची लागण करून पाहिली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही शेतांत वाढ ४० टक्क्यांपर्यंत जास्त आली, काहींत उलट १२ टक्क्यांनी घटली. जिथे मातीत रोगकारक बुरशी जास्त होत्या तिथे फायदा मोठा झाला. जिथे सगळं ठीक होतं तिथे पिकाने बुरशीला पोसण्यात आपलं अन्न घालवलं. तेव्हा कांद्याच्या किंवा मिरचीच्या एकाच प्लॉटमध्ये सहा सऱ्यांना मायकोरायझा द्या आणि शेजारच्या सहा सऱ्या तशाच सोडा, बाकी खत, पाणी, फवारणी अगदी सारखी. एकाऐवजी प्लॉटच्या तीन वेगवेगळ्या जागी अशी जोडी ठेवा, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजमापात घुसणार नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच रोपं मुळांसकट काढून वजन करा, काढणीला सऱ्या वेगवेगळ्या तोला. तिन्ही जागी फरक एकाच बाजूला झुकला तर पुढच्या वर्षी पूर्ण प्लॉटला द्या. एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असं आलं, तर त्या पैशात पुढच्या वर्षी तागाचं बी आणा.